सुईचा भार आणि थोडी सबुरी

चि. छकुलीस आजीचे अनेक आशीर्वाद.

माझ्या कपाटातल्या रेकॉर्ड्समधून तबल्याचा एखादा तुकडा, सारंगीची एखादी ओढ उचलून तू त्यावर नवी गाणी रचणार, हे कळलं आणि मन भरून आलं. इतकं बारीक ऐकणारं कुणी घरात आहे, याचं समाधान निराळंच. काळजी वाटते ती फक्त तुझ्या घाईची, कारण आतच स्पीकर बसवलेलं ते सुटकेससारखं गोजिरवाणं यंत्र स्वस्त दिसतंय म्हणून आज रात्रीच मागवून मोकळी होशील. थांब जरा, राणी.

अशा यंत्रांत बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि सुई पाच-सहा ग्रॅम भारानं रेकॉर्डवर टेकते. चांगल्या मॅग्नेटवाल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. त्या सुटकेसवाल्या यंत्रांत भार कमी करायची सोय नसते, आणि स्पीकरची थरथर त्याच खोक्यातून सुईत शिरते. नुसतं गाणं ऐकणाऱ्याची सुई एका जागेवरून एकदा जाते. तू मात्र तेवढाच चार मात्रांचा तुकडा मनासारखा मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवणार, म्हणजे सगळी झीज नेमकी तुझ्या आवडत्या जागेची!

ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स हे पट्ट्यावर चालणारं यंत्र बेताच्या किमतीत ऐकायला छान, पण त्याचा भार कारखान्यातच ठरलेला आणि वेग मिनिटाला ३३ नि ४५ फेऱ्या एवढेच. तुझ्या कामाला त्यांचंच एलपी१२०एक्स योग्य. ते महाग आहे, मान्य; पण त्याची तबकडी थेट मोटरवर फिरते, भार आपल्याला लावता येतो, ७८चा वेगही आहे आणि शिवाय पिचची पट्टी आहे. जुन्या रेकॉर्डमधला षड्ज तुझ्या कीबोर्डच्या सुराला क्वचितच जुळेल, आणि आठ टक्के वेग वाढवला तर सा कोमल रिषभाच्याही थोडा पुढे जातो, म्हणजे जुळवून घ्यायला भरपूर जागा झाली. तेवढे पैसे साठेपर्यंत महिने गेले तरी जाऊ देत. बाहेरचं खाणं थोडं कमी कर (पोटालाही बरं), किंवा चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर जुनी यंत्रं बघ. मात्र समोर वाजवून, सुईच्या दांडीचं वजन मागेपुढे सरकतंय ना हे पाहूनच घे.

काटकसरीची थोरवी तुला मी काय सांगावी! तूच सांगितलं होतंस ना, १९८७च्या त्या एसपी-१२०० सॅम्पलर यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा, म्हणून न्यूयॉर्कची मुलं ३३ची रेकॉर्ड ४५वर वाजवून भरायची आणि मग आत सावकाश करायची. ४५वर सा शुद्ध मध्यमाच्या किंचित वर जातो, हे मी पेटीवर ताडून पाहिलं बरं का.

फोनो प्रीअँप विसरू नकोस. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. ते पूर्ववत करणारा प्रीअँप मध्ये नसला तर आवाज बारीक नि किरटा येतो. ऑडिओ-टेक्निकाच्या त्या दोन्ही यंत्रांत तो असतो, मागचं बटण तेवढं नीट बघ. ७८च्या रेकॉर्डना एलपीची सुई लावू नकोस, त्यांची खाच कितीतरी रुंद असते. त्यांची सुई वेगळी मिळते.

ध्वनिमुद्रण पहाटे कर. रस्ता निजलेला असतो, वरच्या मजल्यावर कुणी चालत नसतं, आणि सुईला तर पावलांचा धक्काही ऐकू येतो. आधी अख्खी बाजू ऐक, मग तुकडा निवड. गाणं प्रसिद्ध करायचं झालं तर तू रीतसर विचारशीलच: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, आणि कवी-संगीतकारांचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंतचा.

दिवाळीला येशील तेव्हा हव्या त्या एलपी घेऊन जा. तोवर मी त्या पुसून उभ्या लावून ठेवते, आडव्या रचल्या की वाकतात. येताना सुईचा भार मोजायचा छोटा काटा तेवढा आण, फार महाग नसतो.

तुझी,
आजी