दूध मातेचे, दायित्व कोणाचे?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत दूध सुटलेल्या बालकास बैतुलमालमधून भत्ता मिळत असे. एका रात्री मदीनेत रडणाऱ्या तान्हुल्याच्या मातेकडे त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की भत्ता लवकर सुरू व्हावा म्हणून ती त्याचे दूध अकाली तोडत होती. रिवायतीत येते की, कारण समजताच उमर (रजि.) यांनी दोष स्वतःच्या नियमाला दिला आणि भत्ता जन्मापासूनच लागू केला.

वाचकहो, बाळाचे दूध अकाली तुटले तर उत्तरदायी कोण, हा प्रश्न आजही आपल्यासमोर आहे.

सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तीच आयत मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवते, अपत्यापायी मातेला त्रास होऊ नये असे बजावते आणि मुदतीपूर्वी दूध तोडणे उभयतांच्या संमतीवर व विचारविनिमयावर सोपवते. हनफी फुकहांनीही दूध पाजणे हे मातेचे धार्मिक कर्तव्य मानले. परंतु बाळाची अन्य सोय होत असेल, तर काजीने तिच्यावर सक्ती करावी असे म्हटले नाही. अर्थात दूध हा बाळाचा हक्क आहे, आणि त्या हक्काची जबाबदारी एकट्या मातेची नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ६४ टक्के झाले. अल्हम्दुलिल्लाह! तरीही तीनांतील एक बाळ वंचितच आहे. १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीस बंदी घातली. पण गरीब घरी ती पावडर पुरवून पुरवून, पातळ करून, अशुद्ध पाण्यात कालवली जाते आणि बाळ जुलाबाने खंगते. २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार मातेस २६ आठवड्यांची रजा मिळाली. शेतमजूर, घरकाम करणारी किंवा घरी बसून शिलाई करणारी माता मात्र बहुधा तिच्याबाहेरच राहिली.

म्हणून सुनेला वा पत्नीला दोन वर्षांची नसीहत करण्याआधी आपण स्वतःला विचारावे: तिच्या ताटात पुरेसे अन्न आहे काय? तिला विसावा मिळतो काय? रमजानमध्ये शरीअतने दिलेली सवलत घेताना तिला टोमणे तर ऐकावे लागत नाहीत ना? आणि जिला दूधच येत नाही, तिला दोषी ठरवू नये. दुसरीकडून दूध पाजून घेण्याची मुभा त्याच आयतीत आहे.

हिशेब मातेकडे मागण्यापूर्वी घराने आपला द्यावा.