परीक्षा आणि शिक्का

शाळेंत जो मुलगा वारंवार मागें पडतो, त्याच्याविषयीं "हा मंद आहे" असें म्हणणें किती सोपें असतें! हा शब्द एकदां उच्चारला कीं शिकविणाराचें ओझें हलकें होतें, आईबापांचा प्रयत्न थांबतो, आणि मूलही हळूहळू तसेंच होऊन बसतें. तर मग बुद्धीची परीक्षा घेऊन मुलाच्या उणिवेस नांव देणें योग्य कीं अयोग्य? वाचकहो, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

१९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक मंडळ नेमलें. ज्या मुलांस वर्गाबरोबर चालणें जड जाई, त्यांस ओळखून त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय करावयाची होती. केवळ शिक्षकाच्या शब्दावर विसंबलें, तर खोडकर मुलासही मंद ठरवून बाहेर काढतील, अशी आल्फ्रेड बिने ह्यांस भीति वाटे. म्हणून त्यांनीं व सिमों ह्यांनीं १९०५ मध्यें ३० प्रश्नांची चाचणी रचिली. तिचा हेतु निवाडा करणें हा नव्हता, साह्य करणें हा होता. बुद्धि ही जन्मतः ठरलेली व कधीं न वाढणारी वस्तु आहे, ह्या मताचा बिने ह्यांनीं १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत निषेध केला.

१९११ त बिने वारले. चाचणी मात्र दूरवर गेली. अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत कॅरी बक नांवाच्या तरुण मुलीचें मानसिक वय तिच्यावरून ९ वर्षांचें ठरविण्यांत आलें. आई मंदबुद्धि, ही मंदबुद्धि, तेव्हां हिचें तान्हें मूलही तसेंच, असा तर्क करून, हिला पुन्हां मूल होऊं नये म्हणून शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें. १९२७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यास मान्यता दिली, आणि त्याच वर्षीं ती शस्त्रक्रिया झाली. कॅरी शाळेंत नीट शिकत होती व घरकामासाठीं तिला काढून घेतलें होतें, हें कोणीं विचारांत घेतलें नाहीं. तिची मुलगी व्हिव्हियन पुढें शाळेंत गेली, आणि १९३१ मध्यें तिचें नांव उत्तम विद्यार्थ्यांच्या यादींत लागलें! दुसऱ्याच वर्षीं, आठ वर्षांची असतां, ती वारली.

ह्यावरून परीक्षाच वाईट असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पायलीनें धान्य मोजतात, तें भुकेल्यास वाटण्यासाठींही आणि त्याला नाकारण्यासाठींही. दोष पायलीचा नव्हे. ह्याच चाचणीचें मराठी व कानडी रूप व्ही. व्ही. कामत ह्यांनीं सिद्ध केलें. आपल्या देशांतील २०१६ च्या कायद्यानें वाचनलेखनांतील विशिष्ट अक्षमता ही अपंगत्वांत गणिली आहे. त्यामुळें अशा विद्यार्थ्यास परीक्षेंत वाढीव वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळूं शकतात. येथें नांवानें दार उघडलें.

म्हणून नांव देणाराची खरी कसोटी एकच: नांव दिल्यावर दुसऱ्या दिवशीं तो काय करितो? मूल मागें पडलें तर आधीं पाहावें कीं त्यास फळा दिसतो काय, ऐकूं येतें काय, तें उपाशी येतें काय, शाळेची भाषा त्याच्या घरची आहे काय. तें खिन्न व अबोल झालें असल्यास हट्टी म्हणून मारूं नये, डॉक्टरांस दाखवावें. ज्या नांवानें आपलें कर्तव्य सुरू होतें, तें निदान. ज्यानें तें संपतें, तो केवळ शिक्का होय.