न परतलेल्याचे श्राद्ध

भोकरकडे माणूस गेला की अस्थी नांदेडला गोदावरीत सोडता येतात, दहावा-तेरावा होतो, तिथी धरता येते. युद्धात समुद्रात बुडालेल्या खलाशाच्या घरी ना देह येतो, ना अस्थी. 9 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. देहच नाही तिथे मृताचे ऋण कशाने फेडायचे? त्याचे जगणे-मरणे शोधून काढणे, हाच त्या श्राद्धाचा मुख्य भाग आहे, असे माझे मत आहे.

धर्मशास्त्राने ही अडचण ओळखली होती. प्रेत न मिळाल्यास पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याचा पालाशविधी आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी राखलेली आहे. कोकणी मुसलमान शाफिई मताचे. त्या मतात देह समोर नसतानाही जनाज्याची नमाज होते. म्हणजे देहावाचून दोन्हीकडे निभावते, पण कोण गेले हे कळल्यावाचून विधी कोणासाठी करायचा? यावर कोणी म्हणेल, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. दफ्तरे कशाला चाळायची? ही सवलत निरुपायाने थांबलेल्याला आहे, कंटाळलेल्याला नाही. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजारांची नामावली आहे. नोंद असताना ती न पाहणे ही हयगय होय. याउलट पहिल्या महायुद्धात मेलेल्या कित्येक हिंदी सैनिकांची नावे स्मारकांवर कोरलीच गेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये त्याबद्दल माफी मागितली. नावाला मोल नसते, तर शंभर वर्षांनी माफी कशाची?

वेदान्ती आक्षेप याहून जड आहे : आत्मा अविनाशी, नाव देहाबरोबर संपले. शोधाने मृताचे भले होते, हे मलाही सिद्ध करता येणार नाही. पण ऋण ऋणकोच्या माथी असते, ते धनकोच्या सुखदुःखावर अवलंबून नसते. ज्यांच्यासाठी तो गेला, त्यांनी तो कुठे आणि कसा गेला हे जाणून घेणे बाकीच राहते. घरात असा कोणी न परतलेला असेल तर त्याचे पूर्ण नाव, गाव आणि जहाज म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा. महायुद्धांतल्या मृतांची आयोगाची नामावली इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.