तौबा एकदाच का?
आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले. पहिल्याच जुम्याला मशिदीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. इमामसाहेबांनी सफ जोडून घ्यायला सांगितले, तरी कुणी सरकले नाही. आम्हीही नाही.

दारू हराम आहे, यात वाद नाही. पण हराम गोष्ट करणारा माणूस आजारीही असू शकतो, हे पचत नाही. आजार म्हटले की गुनाह पुसला जाईल, ही आपली भीती. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसाला रुग्ण मानतात. जबाबदारीतून मात्र सोडत नाहीत. हातांची थरथर औषधाने थांबते. खरे अवघड काम पुढे, गटात बसून आपली लबाडी आपल्याच तोंडाने सांगण्याचे. आणि निश्चय जन्मभराचा नाही, फक्त आजच्या दिवसाचा. उद्या पुन्हा आजचाच.

आपण मात्र एकदाच आणि कायमची तौबा मागतो. माणूस घसरला की तिला ढोंग ठरवतो. सहीह बुखारीत दारूबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाची हकीकत आहे. कुणीतरी त्याच्यावर लानत पाठवली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला रोखले, या माणसाचे अल्लाह आणि रसूलवर प्रेम आहे, असे सांगितले. शिक्षा टळली नव्हती, पण माणूस जमातीबाहेर गेला नाही. मुलांना ही हकीकत आम्हीच सांगतो.

पुढच्या जुम्याला आम्ही लवकर गेलो. ते आले नव्हते.