पाचवे शील आणि गाडीवरचा मोबाइल

आपल्या वस्त्यांतून दारू न पिणाऱ्या माणसाला शीलवान म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. दारूने आपल्या समाजाची किती घरे बुडवली, हे आपल्याला कोणी बाहेरच्याने सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. परंतु समजा, एखादा उपासक आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. दर पौर्णिमेला तो विहारात येतो, पंचशील ग्रहण करतो, आणि बाहेर पडल्यावर मोटारसायकल सुरू करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल दाबून, बोलत बोलत भर रस्त्याने निघतो. त्याने पाचवे शील पाळले की मोडले? हा प्रश्न काहींना थट्टेचा वाटेल. वास्तविक तो धम्माच्या मुळाशी जाणारा आहे.

शाळेत मुलांना पंचशील तोंडपाठ असते. पाचव्याचा अर्थ विचारला की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, “दारू पिऊ नये.” उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. पालीतील मूळ शब्दांत सुरा, मेरय आणि मज्ज यांच्यापुढे ‘पमादट्ठाना’ असा शब्द येतो. प्रमादट्ठान म्हणजे प्रमादाचे ठिकाण, बेसावधपणाला जागा करून देणारी गोष्ट. दारू वर्ज्य कशासाठी, याचे कारणच त्या शब्दात सांगून ठेवले आहे. पहिली चार शीले कृत्यांविषयी आहेत: प्राणघात, चोरी, व्यभिचार आणि असत्य. पाचवे शील मनाच्या अशा अवस्थेविषयी आहे, की जिच्यात पहिली चारही सहज मोडतात. दारू ही त्या अवस्थेकडे नेणारी एक वाट आहे. एकमेव वाट नव्हे.

धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्रमादावरच आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना अखेरचा उपदेश केला तोही अप्रमादाचा. असे असता बेसावधपणा हा किरकोळ दोष कसा ठरेल? कोणी म्हणेल, भगवान बुद्धांच्या काळी मोबाइल नव्हता, मग तो शीलात कशाला घुसवता? याला उत्तर असे की, शब्द तेवढा धरायचा आणि त्यामागचे कारण सोडून द्यायचे, ही पोथीनिष्ठा आपण धर्मांतराबरोबर मागे टाकली आहे. कारण धरले की एकच प्रश्न उरतो. चालत्या गाडीवर मोबाइल माणसाला प्रमादाकडे नेतो की नाही?

नेतो, आणि याचा हिशेब कोणालाही करता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आलेला निरोप वाचण्यासाठी तीन सेकंद खाली पाहिले, तर ५० मीटर रस्ता चालकाने न पाहता कापला असे होते. गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत यूटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलवर बोलणारे चालक आणि दारू घेतलेले चालक यांची तुलना केली. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मोबाइलवर बोलणाऱ्यांची अवस्था दारू घेतलेल्यांपेक्षा बरी म्हणावी अशी नव्हती. फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. हात मोकळा झाला तरी मन मोकळे होत नाही. डोळे रस्त्यावर असतात, पण समोर आलेले त्यांना दिसत नाही. चालताना चालण्याचे भान ठेवावे, पाहताना पाहण्याचे, हे स्मृतिप्रस्थानाचे शिक्षण भिक्खूंना अडीच हजार वर्षांपूर्वी मिळाले. प्रयोगशाळा आज त्याच ठिकाणी येऊन पोहोचली आहे.

आता एक घडलेली गोष्ट घेऊ. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून ते शासनापर्यंत पोहोचवले. चालकाला कामावरून काढण्यात आले आणि संबंधित खाजगी कंपनीला पाच हजार रुपये दंड करण्यात आला. यावर कोणी विचारील की, अपघात झाला नाही, कोणाला खरचटलेही नाही, मग त्याने वाईट ते काय केले?

नीतीचा खरा पेच येथे आहे. रक्त सांडले तरच दोष, असे मानले तर माणसाचे शील वळणावर कोण आले आणि कोण आले नाही यावर ठरेल. एकाच प्रकारे वागलेल्या दोन चालकांपैकी ज्याच्यासमोर मूल आले तो दुराचारी, आणि ज्याच्यासमोर आले नाही तो सज्जन! अशी नीती बुद्धीला पटत नाही. मूल रस्त्यावर येणे चालकाच्या हाती नसते. रस्त्याकडे पाहणे मात्र त्याच्या हाती असते. म्हणून अपघात होवो वा न होवो, मोबाइल उचलला त्या क्षणीच दोष पूर्ण झाला. अपघाताने त्याचा परिणाम तेवढा दिसतो.

याच्या विरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो आपल्याच धम्मातून येतो. तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. मारण्याची चेतना नसेल तर पाप कोठले? धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची कथा आहे. थेरांची दृष्टी गेलेली होती. चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली कीटक मेले, आणि इतर भिक्खूंनी त्यांच्यावर ठपका ठेवला. भगवंतांनी त्यांना निर्दोष ठरवले, कारण थेरांना कीटक दिसत नव्हते आणि मारण्याची चेतनाही नव्हती. मोबाइलवाला चालकही म्हणेल, “मला तरी कुठे कोणाला मारायचे होते?”

पण दोघांतला फरक पाहावा. थेरांचे डोळे गेलेले होते; याचे डोळे शाबूत आहेत आणि त्याने ते स्वतः दुसरीकडे वळवले आहेत. थेरांना दिसत नव्हते. याने न पाहणे पत्करले आहे. मारण्याची चेतना त्याच्यापाशी नव्हती हे खरे. मात्र घंटी वाजली, हात खिशाकडे गेला, आणि ‘एवढ्याने काय होते’ असे मनाशी म्हणून त्याने फोन उचलला, तेथे चेतना होतीच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही कोणाला मारायचे नसते. त्याला आपण क्षमा करीत नाही. मग याला कोणत्या न्यायाने करावी?

अपघातानंतर आपल्या वस्तीत काय बोलले जाते, तेही तपासले पाहिजे. “वेळ आली होती.” “नशिबात होतं तेवढंच.” दुःखाच्या घरी धीर देण्यासाठी हे शब्द येतात हे मान्य. पण जो समाज प्रतीत्यसमुत्पाद मानतो, अमुक असल्यामुळे अमुक होते असे म्हणतो, त्याच्या तोंडी नशीब शोभत नाही. फोन वाजला, लक्ष गेले, ब्रेक उशिरा लागला, माणूस गेला: ही कारणांची साखळी आहे आणि तिची पहिली कडी माणसाच्या हातात होती. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण हसतो. गाडीवर ‘जय भीम’ लिहिले, निळा झेंडा लावला, आणि आता आपले रक्षण होईल असे मनात धरले, तर ती लिंबू-मिरचीच झाली. रक्षण करते ती सावधानता.

कायदा आहे, तो असावाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने हातात मोबाइल घेऊन गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातले आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंड संहितेत कमाल दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षे झाली. तरीही चौकात पोलीस दिसला की फोन खाली जातो, आणि चौक ओलांडला की पुन्हा कानाला लागतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या अहवालात मोबाइलमुळे झालेल्या अपघातांचा वेगळा रकाना असतो. पण मी फोनवर होतो, असे आपण होऊन कबूल करणार कोण? बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे विच्छेदन’ या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम सांगतो तसे माणूस करतो. तत्त्व मात्र विचार करून, जबाबदारी घेऊन पाळावे लागते. दंडाच्या भीतीने खाली गेलेला फोन हे नियमपालन झाले. शीलाची परीक्षा चौकाच्या पलीकडे, जेथे पोलीस नाही तेथे, होते.

आता रस्त्यावर कोण कोण असते ते पाहू. आमच्या कसबा बावड्याचेच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला, आणि छत्रपती राजाराम साखर कारखानाही येथेच आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस ये-जा करतात. शियेच्या रस्त्याने पुणे-बंगळूर महामार्गाकडून गाड्या येतात. त्याच रस्त्यावर कॉलेजची मुले आहेत, दप्तर घेतलेली शाळेची पोरे आहेत, कामावरून पायी परतणाऱ्या बाया आहेत, अंधारात दिव्यावाचून चाललेली ऊसतोड्यांची बैलगाडी आहे. चारचाकीतल्या माणसाची चूक झाली तर त्याच्याभोवती पत्रा असतो. पायी चालणाऱ्याभोवती काही नसते. एकाच्या बेसावधपणाची किंमत बहुधा त्याच्याहून दुबळा माणूस मोजतो.

हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. पेशवाईत सवर्ण येत असता अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्याने चालण्याची बंदी होती, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात नोंदवले आहे. १९२४ साली केरळात वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण चवदार तळ्यावर गेलो, तेही जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठीच. रस्ता सर्वांचा आहे, हे वाक्य आपल्याला फुकट मिळालेले नाही. आणि फोनवर बोलत भरधाव जाणारा माणूस न बोलता काय म्हणत असतो? “मी येतो आहे, तुम्ही बाजूला व्हा.” ही भाषा आपल्या पूर्वजांनी फार ऐकली आहे. ती आपल्या तोंडी येता कामा नये.

मात्र सगळा दोष चालकाच्या माथी मारून मोकळे होणेही न्यायाचे नाही. ट्रॅक्टरवाल्याला दर अर्ध्या तासाने “कुठं हाईस?” म्हणून विचारणारा मालक असतो. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या पोराला कामच मोबाइलवर मिळते. उशीर झाला तर पोट मारले जाते. तो रस्ता दाखवणारा नकाशा पाहतो, तेवढ्याला नियमांतही मुभा आहे. पण त्याच वेळी त्याला फोन करून घाई करणारे गिऱ्हाईक घरात बसलेले असते. फोनला दोन टोके असतात. गाडीचा आवाज ऐकू येत असतानाही बोलणे चालू ठेवणारा त्या प्रमादात भागीदार आहे. नोकराला सतत फोन उचलायला लावणारा मालक तर जास्तच.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हटले आहे की, माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म आलाच. रस्त्यावर क्षणाक्षणाला असा संबंध येतो आणि तोही अनोळखी माणसाशी. तो आपली जात विचारीत नाही, आपण त्याची विचारीत नाही. समोरचा रस्ता पाहत असेल एवढ्या विश्वासावर दोघेही चालतात. हा विश्वास सांभाळणे म्हणजे मैत्री. विहारात बसून केलेल्या मैत्रीभावनेइतकीच ती खरी आहे.

म्हणून विहारांच्या समित्यांना आणि उपासक-उपासिकांना विनंती आहे. पंचशील दिल्यावर पाचव्याचा अर्थ प्रमादासह समजावून सांगावा. गाडी सुरू करण्यापूर्वी फोन बंद करावा किंवा डिकीत ठेवावा. निकडीचे असेल तर गाडी कडेला उभी करून बोलावे. घरच्या माणसांनी, समोरचा गाडीवर आहे असे कळताच, “थांबून फोन कर” एवढे सांगून फोन ठेवावा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने चित्रण करणाऱ्या तरुणांना थोरांनी तेथल्या तेथे अडवावे. यात पैसा लागत नाही आणि कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपण धर्म बदलला तो वागणे बदलण्यासाठी. ते बदलले की नाही, हे पाहायला विहारापर्यंत येण्याची कोणाला गरज पडू नये. आपण रस्त्याने जाताना ते दिसावे.