मतभेद असावा, वैर नसावे

एकाच वस्तीत दोन गटांचे दोन फलक लागतात, जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात. एका गटातला माणूस वारला तर दुसऱ्या गटातले कोण मयतीला आले, हे लोक मोजतात. याला आपण राजकारण म्हणतो. हे राजकारण की वैर?

कौसंबीचे भांडण आठवून पाहा. शौचकूपातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून एक विनयधर व एक धम्मधर भिक्खू यांच्यात वाद झाला. शिष्यांचे दोन तट पडले. तथागतांनी समजावले, तरी कोणी ऐकेना. तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. मग भांडण मिटवले कोणी? उपासकांनी! त्यांनी त्या भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबवले. तेव्हा कुठे ते श्रावस्तीला तथागतांकडे गेले व समेट झाला.

आपल्या कौसंबीची कथा वेगळी नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात ‘दुरुस्त’ व ‘नादुरुस्त’ असे गट पडले. १९९८ साली ऐक्य होते, तेव्हा महाराष्ट्रातून चार खासदार सर्वसाधारण जागांवरून निवडून आले. ते ऐक्यही टिकले नाही.

मग विरोध करूच नये काय? तसे मुळीच नाही. जन्मभर काँग्रेसशी झुंजलेले बाबासाहेब १९४७ साली देशाच्या कामासाठी कायदेमंत्री झाले. हिंदू कोड बिल रखडताच १९५१ साली राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्याची कारणे लेखी मांडली. जवळ जाणे मुद्द्यासाठी, दूर होणेही मुद्द्यासाठी. मुद्दा संपला की जो संपतो तो मतभेद. मुद्दा विसरला तरी जे उरते ते वैर.

मैत्री म्हणजे मूग गिळून बसणे नव्हे. प्रतिस्पर्ध्याची चूक चव्हाट्यावर मांडा. पण त्याच्याविषयी खोटे बोलू नका, चहाडी करू नका, त्याच्या बायकामुलांना मध्ये ओढू नका. सम्यक वाचा विहारात पाळायची आणि सभेत सोडायची, असा धम्म बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला नाही.

नेते भांडतात म्हणून आपण हळहळतो. पण त्यांच्या शिवीला टाळी कोण देते? सभेला वर्गणी कोण देते? कौसंबीच्या उपासकांकडे ना सत्ता होती, ना पद. भिक्षा घालणारा हात तेवढा त्यांचा होता. तो त्यांनी मागे घेतला. वाचकहो, तो हात आपल्यालाही आहे.