सावलीतला चढ आणि कष्टाचे पुण्य

गेल्या कार्तिकीनंतर एका तरुण वारकऱ्याने मला प्रश्न केला. "महाराज, आम्ही चौघे सायकलवर भीमाशंकराला गेलो. घोडेगाव मागे पडले, डिंभे धरणाचे पाणी दिसले, पुढे चढ लागला. शेवटी अभयारण्याची दाट झाडी. उन्हाचा चटका नाही, आडवार असल्याने वाहनांची वर्दळ नाही. दम लागला, पण त्रास म्हणावा असा झाला नाही. मग यात्रेचे पुण्य उणे पडले का हो?"

प्रश्न साधा, पण मला लागला. त्याचे कारण असे की, पायाला फोड नाही ती वारी नव्हे, असे मी कीर्तनातून कित्येक वर्षे ठासून सांगत आलो. एकदा कीर्तन संपल्यावर गुडघे गेलेली एक माउली जवळ येऊन म्हणाली, "बुवा, मी एस्टीने आले. माझी वारी बुडाली का?" मी काय उत्तर दिले ते आज लिहवत नाही. पुढल्या वर्षी ती दिसली नाही.

आता शास्त्र पाहू. अभ्यास दृढ व्हावा म्हणून पतंजलींनी तीन गोष्टी सांगितल्या: तो दीर्घ काळ करावा, खंड पडू देऊ नये, आणि आदराने करावा. त्यांत क्लेशाचे नाव नाही. उलट मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे.

तो चढच पाहा ना. सपाटीवर पाय थांबला तरी सायकल थोडी आपोआप जाते. मागला वेग कामी येतो. चढावर पाय थांबला की सायकल थांबलीच. तिथे मघाचे पायडल उपयोगी नाही, आत्ताचेच पाहिजे. पहिल्या वळणावर जोर दाखविणारा पुढे उतरून सायकल ढकलीत जातो. हलका गिअर टाकून एका लयीत चालविणारा पोचतो. झाडीमुळे माथा दिसत नाही, पुढले वळण तेवढे दिसते. नामस्मरण तरी याहून वेगळे काय आहे?

मग सावलीने काय केले? तिने घाटाची उंची तसूभरही कमी केली नाही. उन्हात अंग निववण्यात जी शक्ती खर्ची पडली असती, ती पायांसाठी राखली, एवढेच. संतकृपा अशीच असते. ती साधन चुकवीत नाही, साधन टिकविते. झाडे आपण लावली नाहीत, म्हणून अभिमानाला जागा नाही. पाय आपलेच हलवायचे, म्हणून आळसालाही जागा नाही.

कष्ट वाट्याला आले तर आनंदाने सोसावेत. पण ते मागून घेऊ नयेत, मिरवू नयेत, आणि दुसऱ्याची भक्ती मोजायचे माप तर त्यांचे कधीच करू नये.

त्या घाटमाथ्यावर भीमेचा उगम आहे. हीच भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. ती सारी वाट उताराने आली; म्हणून तिचे स्नान कोणी उणे मानतो काय?

त्या तरुणाला मी म्हटले, "बाळा, पुण्य उणे पडले नाही. उद्याही पाय चालू ठेव." हेच उत्तर त्या माउलीला द्यायचे होते. ती कुठे असेल तिथे तिला माझा दंडवत.

रामकृष्ण हरि.